आमची वाटचाल : हेराल्डच्या पाट्यापासून डॉक्टरांच्या स्पिटफायरपर्यंत

१९९१ साली मी आणि मामांनी गॅरेजसाठी सांगलीच्या शामरावनगरात पत्र्याचं शेड टाकलं. मामा माझ्या नात्यातले नव्हेत, सगळं गॅरेज-बाजार त्यांना मामाच म्हणायचं. आमच्याकडे तेव्हा एक जुना लेथ, एक व्हाइस आणि मामांनी स्वतः बनवलेला पुलर, म्हणजे चाकामागचा हब ओढून काढायचं हत्यार, एवढंच होतं. स्टँडर्ड हेराल्ड या जुन्या मोटारीचा मागचा हब निमुळत्या दांड्यावर (टेपरवर) असा बसलेला असतो की साध्या पुलरचे पायच वाकतात. मामांचा पुलर जाड प्लेटचा. चारही स्टडवर नटांनी आवळायचा, मधला बोल्ट ताणायचा आणि त्या बोल्टच्या डोक्यावर घणाचा एक नेमका ठोका द्यायचा. नाहीच सुटला तर मामा म्हणायचे, "तसाच ताणून ठेव, चहा घेऊन ये."

हेराल्ड मद्रासला बनायची. डिफरेन्शियल (आम्ही म्हणतो डिफ), म्हणजे मागच्या दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा, चेसिसला बांधलेलं, आडवा पाटा, म्हणजे पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग, त्याच्याच डोक्यावर आणि चाकं आपापली हलणारी. इकडच्या मिस्त्रींना ही रचना कधी रुचली नाही. त्याच कंपनीच्या १९७२ च्या गॅझेल गाडीला तर कंपनीनेच सरळ अखंड ॲक्सल दिला. आम्ही मात्र हेराल्डचाच मागचा भाग खोलून-बसवून शिकलो. शेडमध्ये आलेली पहिली गाडी मिरजेच्या डॉक्टरांच्या वडिलांची हेराल्ड होती. पुढची पंचवीसेक वर्षं काम नीट चाललं.

२०१८ मध्ये तेच डॉक्टर ट्रायम्फ स्पिटफायर ही जुनी इंग्लिश स्पोर्ट्स कार घेऊन आले. मार्क थ्री, १२९६ सीसी. हेराल्डचीच धाकटी बहीण, मागचा सांगाडा त्याच घराण्यातला. पुण्याच्या एका नावाजलेल्या गॅरेजने दीड वर्ष ठेवून ती "पूर्ण तयार" करून दिली होती. डॉक्टर ती घरी आणत असताना खंबाटकी चढताना एका वळणावर त्यांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, मागचा भाग वर उठला आणि बाहेरचं चाक खाली आत दुमडलं. कठड्यापासून हातभर अंतरावर गाडी थांबली. शिवाय उभी असताना ती उजवीकडे कललेली, आणि क्लच सोडला की मागून ठण्ण आवाज.

पुण्याहून निरोप आला, पाटा खचलाय, नवा घाला. मला ते पटेना. आम्ही पाटा काढून डावं टोक उजवीकडे असा फिरवून बसवला. दोष पाट्यात असता तर कल डावीकडे गेला असता. तो उजवीकडेच राहिला. मग पाटा उतरवून डिफच्या माथ्यावर स्पिरिट लेव्हल ठेवली. चेसिस सपाट, डिफ तिरकं! पुढच्या दोन माउंटिंगपैकी एका बाजूला बुशच्या (सांध्यातल्या रबरी नळीच्या) जागी टायरच्या कापलेल्या चकत्या भरल्या होत्या. डिफ तिरकं म्हणून पाटा तिरका, म्हणून गाडी तिरकी. ठण्ण आवाजही तिथलाच. आणि सगळे बुश चाकं हवेत लोंबकळत असताना आवळलेले, त्यामुळे रबर पिळून बसलेलं आणि मागचा भाग नेहमीच उचललेला.

ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांना सांगतो, बुशचे बोल्ट आधी हलके लावा, गाडी चाकांवर उतरवा, दोन्ही सीटवर माणसाचं वजन ठेवा आणि मगच आवळा. आम्ही ताडपत्री अंथरून हळदीची एकेक पोती ठेवली होती. ट्रनियनच्या, म्हणजे मागच्या चाकाच्या खालच्या सांध्याच्या, लांब बोल्टला ग्रीस लावल्याशिवाय तो आत घालू नका, पुढच्या वेळी करवतीनेच कापावा लागेल. डिफच्या गिअरच्या रेशोबद्दल कुणाच्या तोंडी बोलण्यावर जाऊ नका, दात मोजा. ३७ ला ९ म्हणजे ४.११.

क्राऊन-पिनियन, म्हणजे डिफमधली दातांच्या दोन चाकांची जोडी, खोलून टेबलावर होतं, तेव्हा ऑगस्ट २०१९ चा महापूर आला. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर. शामरावनगरात माणसांना बोटीतून काढत होते. लेथ पाण्याखाली, मोटरी जळाल्या, वेल्डिंगचा संच गेला. मामांनी क्राऊन आणि पिनियन ग्रीसच्या फडक्यात बांधून छातीशी धरले आणि कमरेएवढ्या पाण्यातून जिना चढून माझ्या घरी आणले. ती जोडी एकत्र घासलेली असते, एक हरवलं तर दुसरं भंगार. पाणी ओसरल्यावर शेडमध्ये गुडघाभर गाळ होता. बँकेचा हप्ता थकला. दोन पोरं काम सोडून गेली, त्यांना दोष देत नाही. मी शेड विकायला काढलं होतं. डॉक्टर गाळातून चालत आले, पुढच्या सगळ्या कामाचे पैसे टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "माझी गाडी दुसरीकडे जाणार नाही." त्या पैशांवर आम्ही कुपवाड एमआयडीसीत गाळा घेतला.

गाडी २०२० मध्ये पूर्ण झाली. डायल गेजवर बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, ५ थाऊ (इंचाचे पाच हजारांश), निळ्या रंगाचा ठसा दाताच्या बरोबर मध्यावर. पुढे पुण्याच्या एका प्रदर्शनात डॉक्टरांनी ती उभी केली, तेव्हा तिच्यापुढे त्याच पुण्याच्या गॅरेजचा बोर्ड होता. डॉक्टरांनी तो स्वतः उचलून बाजूला ठेवला. तरीही आलेल्या छापील पुस्तिकेत नाव त्या गॅरेजचंच राहिलं. ती पुस्तिका मी अजून फेकलेली नाही.

मामा गेल्या वर्षी गेले. पुलर गाळ्यात दाराशेजारच्या खिळ्यावर आहे. मधल्या बोल्टचं डोकं घणाच्या ठोक्यांनी भाकरीसारखं पसरलंय. मी नवा बोल्ट आणून ठेवलाय, पण अजून तो बदललेला नाही.