शाबासकी, ओरडा आणि रिग्रेशन

मंगळवार, रात्री

एम. ए. मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षात संख्याशास्त्राचा पेपर आला की भलेभले गार पडतात. आमच्या अभ्यासगटातल्या बहुतेकांनी दहावीनंतर गणिताला रामराम ठोकलेला. फ्रॉइडवर मध्यरात्रीपर्यंत वाद घालणारी मंडळी वर्गमूळ दिसलं की गप्प होतात. मला तेवढी धास्ती नाही. शाळेत मराठी शिकवते, निकालपत्रकं भरण्यात उमेदीची वर्षं गेली, सरासरी काढायची हाताला सवय आहे. प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप, तेही जमलं. सरासरीपासूनच्या फरकांची बेरीज करायला जावं तर ती दर वेळी शून्य येते, म्हणून आधी वर्ग करायचे आणि शेवटी वर्गमूळ काढायचं, एवढीच त्याची गोम.

आज रिग्रेशनला, म्हणजे टोकाची मापं सरासरीकडे सरकण्याच्या प्रकाराला, हात घातला आणि तिथेच रेंगाळले.

फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज संशोधकानं 1886 साली एक तक्ता छापला. 205 जोडपी आणि त्यांची 928 मोठी झालेली मुलं, सगळ्यांच्या उंच्या. बायकांची उंची 1.08 नं गुणून पुरुषांच्या मापाला आणलेली, मग आईबापांची मिळून एक सरासरी उंची. त्याला दिसलं ते असं: आईबाप सरासरीपेक्षा तीन इंच उंच असतील, तर त्यांची मुलं सरासरीनं दोनच इंच उंच निघतात. बुटक्यांचंही तेच, उलट्या बाजूनं. म्हणजे आईबापांत जेवढा फरक, त्याच्या साधारण दोन-तृतीयांशच मुलांत उतरतो.

यात आनुवंशिकतेचं काहीतरी गूढ असणार असं पहिल्यांदा वाटतं. पण तोच तक्ता उलटा वाचा. उंच मुलं निवडा आणि त्यांचे आईबाप बघा. तेही सरासरीच्या जवळ सरकलेले! आता मुलं जन्मल्यावर आईबापांची उंची तर कोणी ओढून कमी केली नाही. मग ओढतंय कोण? कोणीच नाही. दोन मापांमधला सहसंबंध (ती किती जुळून चालतात त्याचा आकडा) पूर्ण एक नसेल, तर एका मापात टोकाला असलेले लोक दुसऱ्या मापात सरासरीनं मध्याकडे दिसणारच. झेड गुणाला, म्हणजे सरासरीपासून किती प्रमाण विचलनं दूर त्या आकड्याला, सहसंबंध गुणांकानं गुणलं की दुसऱ्या मापाचा अंदाज मिळाला.

वहीत आमच्याच शाळेला शोभेल असं उदाहरण करून पाहिलं. दोन चाचण्या, दोन्हींची सरासरी 50, प्रमाण विचलन 10, सहसंबंध 0.6. पहिलीत 70 पडलेली मुलं झेडच्या भाषेत 2 वर आहेत. दुसरीत त्यांचा अंदाज 1.2, म्हणजे 62 गुण. आणि 30 वाली मुलं येणार 38 वर. मध्ये कोणी शिकवलं नाही, कोणी रागावलं नाही, तरी. अर्थात हे गटाच्या सरासरीचं झालं. त्यातला एखादा पठ्ठ्या 80 सुद्धा काढेल.

बुधवार

योगायोग म्हणावा तर कालच वाचलेलं आज स्टाफरूममध्ये समोर येऊन बसलं. आमच्याकडे एक ज्येष्ठ सर आहेत, निवृत्तीला आलेले. चहा घेता घेता म्हणाले, "मॅडम, तुमचं मानसशास्त्र काहीही म्हणो. कौतुक केलं की पोरं शेफारतात. गेल्या चाचणीत पहिला आलेल्याला वर्गासमोर शाबासकी दिली, या वेळी घसरला. आणि तळाच्या दोघांना असा झाडला, की दोघंही पास!" आजूबाजूच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणाकडेही याचे डझनभर दाखले सहज निघतील.

सरांचं निरीक्षण खोटं नाही, हीच तर यातली अडचण आहे. 1960 च्या दशकात मानसशास्त्रज्ञ डॅनिअल काहनेमन इस्रायली हवाई दलाच्या प्रशिक्षकांना शिकवत होता. शिक्षेपेक्षा शाबासकीनं माणूस चांगला शिकतो, असं त्यानं सांगितलं, तर एक मुरलेला प्रशिक्षक उठून म्हणाला की आमचा अनुभव बरोबर उलटा आहे. विमानाची कसरत चांगली झाली म्हणून स्तुती करावी, तर पुढची बिघडते. ओरडलं की सुधारते. शब्द सोडले तर आमचे सरच. काहनेमनला तिथल्या तिथे जाणवलं, की अपवादानं चांगली झालेली कसरत पुढच्या वेळी थोडी साधी होणार आणि अपवादानं फसलेली थोडी बरी होणार, मध्ये प्रशिक्षकानं काहीही केलं तरी. आपण शाबासकी देतो ती नेमकी वरच्या टोकाला आणि ओरडतो ते खालच्या टोकाला. म्हणून आयुष्यभर आपल्याला असंच दिसत राहतं की ओरडा लागू पडतो आणि कौतुक वाया जातं.

किती पिढ्यांच्या पाठीवर याचे वळ उठले असतील! छडी लागे छमछम हे गाणं काही उगाच जन्माला आलेलं नाही.

सरांना मी काही बोलले नाही. चहाच्या सुट्टीत सहसंबंध गुणांक काढणं हा शिष्टाचाराचा भंग ठरला असता.

शनिवार

काहनेमननं त्या प्रशिक्षकांकडून लगेच एक प्रयोग करून घेतला होता. प्रत्येकानं पाठमोरं उभं राहून मागच्या लक्ष्याकडे दोन नाणी टाकायची, कुठे पडलं ते कळू द्यायचं नाही. मग अंतरं मोजायची. आज घरात पाहुणे होते, तेव्हा म्हटलं होऊन जाऊ दे. हॉलमध्ये फरशीवर खडूनं फुली मारली, शिवणाची टेप घेतली आणि सगळ्यांना ओळीनं उभं केलं. पुतण्याला पंच नेमला, तर तोच आधी खेळायला हजर. "काकू, हे तुमच्या परीक्षेत येणार आहे?" येणार नाही, पण टाक.

त्याचं पहिलं नाणं फुलीला जवळजवळ चिकटून पडलं. दुसरं दिवाणाखाली गेलं. सासूबाईंचं पहिलं नाणं थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी, दुसरं त्या मानानं पुष्कळ अलीकडे. त्यांना ना कोणी शाबासकी दिली होती, ना (कोणाची छाती आहे?) कोणी ओरडलं होतं. नणंदेची मात्र दोन्ही नाणी जवळच पडली, आणि तिनं लगेच हा आपल्या कॉलेजातल्या थ्रोबॉलचा परिणाम असल्याचं जाहीर केलं. असेलही. कौशल्याचा वाटा जेवढा मोठा, तेवढा सहसंबंध मोठा आणि तेवढी ही सरक कमी. सगळंच नशीब असतं तर सहसंबंध शून्य असता आणि दुसऱ्या नाण्याचा अंदाज सर्वांसाठी एकच, सरासरीएवढा.

नवऱ्याची शंका चांगली होती. प्रत्येक वेळी सगळे मध्याकडे सरकत असतील तर चार-पाच चाचण्यांत सगळ्यांना सारखेच गुण पडायला हवेत. तसं होत नाही, कारण टोकाची माणसं आत येतात तशी मधली काही बाहेर जातात. पसारा आहे तेवढाच राहतो, टोकाला बसणारी नावं बदलतात. हे मला पुस्तकापेक्षा त्याला समजावताना जास्त नीट कळलं.

सोमवार

आज थोडंच वाचलं. हेच तत्त्व आता समुपदेशनाला लावून बघतेय. माणूस समुपदेशकाकडे कधी येतो? अगदी असह्य झाल्यावर. म्हणजे पहिलं माप घेतलं जातं ते खालच्या टोकाला. दोन महिन्यांनी प्रश्नावलीतले गुण सुधारले, तर त्यातला उपचाराचा वाटा किती आणि नुसत्या चढउताराचा किती? मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंकनं 1952 साली मानसोपचारवाल्यांना डिवचलं ते याच ठिकाणी. मानसोपचार न घेताही दोन वर्षांत सुमारे दोन-तृतीयांश रुग्ण सुधारतात, असं त्याचं म्हणणं. त्याच्या आकडेमोडीवर पुष्कळ आक्षेप आले, पण टोचणी योग्य जागी लागली. 1977 साली स्मिथ आणि ग्लास या संशोधकांनी 375 अभ्यास एकत्र केले आणि उपचार न घेतलेल्या गटांशी तुलना केली. तेव्हा उपचार घेतलेला सरासरी माणूस न घेतलेल्यांपैकी 75 टक्के लोकांपेक्षा बरा निघाला. मानसोपचाराची बाजू सावरली ती त्या नियंत्रित गटानं. फक्त आधी आणि नंतरचे गुण दाखवून ती सावरली नसती.

गुरुवार

शाळेत पहिल्या चाचणीनंतर 35 च्या खालच्या मुलांना जादा तास असतात. दुसऱ्या चाचणीत त्यांचे गुण वाढतात आणि वार्षिक अहवालात त्याचा एक परिच्छेद येतो. मुख्याध्यापकांना म्हटलं, या वेळी चिठ्ठ्या टाकू. निम्म्यांना आत्ता जादा तास, निम्म्यांना दिवाळीनंतर. तेवढ्यात फरक दिसेल. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आणि ज्याची चिठ्ठी दिवाळीनंतरची निघाली त्याची आई माझ्या केबिनमध्ये आली, की तिला तुमचं रिग्रेशन कोण समजावणार, मॅडम?"

मुद्दा बिनतोड होता. पण संध्याकाळी वाचताना आणखी एक वाट सापडली. थिसलथ्वेट आणि कॅम्पबेल या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1960 मध्ये शिष्यवृत्ती स्पर्धेतल्या गुणवत्ता प्रमाणपत्राचा परिणाम मोजायला वापरलेली. चिठ्ठ्या नकोत. 33-34 वाली आणि 35-36 वाली मुलं तशी सारखीच. पण एकांना जादा तास मिळाले, दुसऱ्यांना नाही. पुढच्या चाचणीत 35 च्या रेषेच्या दोन बाजूंना पायरीसारखी उडी दिसते का, एवढंच बघायचं. एका वर्गात रेषेजवळची मुलं मोजकीच सापडतील, म्हणून सगळ्या तुकड्यांची आणि मागच्या काही वर्षांची गुणपत्रकं एकत्र करावी लागतील. कार्यालयातल्या कपाटात ती गठ्ठ्यांनी पडून आहेत. उद्या पहिल्या तासाला मी मोकळी आहे, तेव्हा क्लार्ककडून किल्ली मागून घेते.