कास्ट आयर्न बुलेट : टॅपेटचा आवाज शोधताना

बोअर-पिस्टन नवं, दोन्ही व्हॉल्व्ह आणि गाइड नवे. माझ्या ३५० सीसी कास्ट आयर्न बुलेटचं (बिडाचं सिलिंडर असलेल्या जुन्या धाटणीच्या) इंजिन बांधून झालंय, रनिंग-इन (नव्या भागांना सवय होईपर्यंत जपून चालवणं) चालू आहे आणि वरून टिक टिक येतेय. थंड असताना जवळजवळ नाही. खंबाटकी घाट चढून गाडी बाजूला घेतली की मात्र स्पष्ट.

ज्या वर्कशॉपमध्ये इंजिन बांधलं तिथला सल्ला एका वाक्याचा : टॅपेट जरा आवळून घ्या. (फिरणारा कॅम टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉड नावाच्या दांडीला, ती वर रॉकरला ढकलते आणि रॉकर व्हॉल्व्ह उघडतो. टॅपेट आवळायचा म्हणजे या साखळीतला खेळ कमी करायचा.) तो मी मानला नाही, आणि कुणीच मानू नये असं मला मनापासून वाटतं. आवळलेल्या टॅपेटचा आवाज जातो, पण इंजिन तापल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकत नाही. व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटमधूनच हेडमध्ये उतरते. ती वाट तुटली की व्हॉल्व्हची कड जळते आणि कॉम्प्रेशन जातं. नव्या व्हॉल्व्हचं असं वाटोळं करण्यापेक्षा आवाज ऐकलेला बरा.

आधी सेटिंग पुन्हा तपासलं. रात्रभर थंड झालेलं इंजिन, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद. टॅपेट कव्हर काढून पुशरॉड दोन बोटांत धरून फिरवायचा : सहज फिरला पाहिजे, वरखाली मात्र हलता कामा नये. इथे फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लागत नाही. पुशरॉड ॲल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचं. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळपास दुप्पट वाढतं, पण पुशरॉड सिलिंडरइतका तापत नाही, म्हणून दोघांची वाढ बऱ्यापैकी जुळते. सेटिंग जागेवर धरणारा चेकनट आवळताना सेटिंग हमखास सरकतं, त्यामुळे आवळून झाल्यावर पुशरॉड पुन्हा फिरवून बघायचाच. माझं सेटिंग बरोबर होतं.

मग डिकॉम्प्रेसर, म्हणजे किक मारणं सोपं व्हावं म्हणून एक्झॉस्ट व्हॉल्व्ह थोडा उघडणारी यंत्रणा. त्याची केबल ताठ असेल तर लिफ्टर एक्झॉस्ट टॅपेटला किंचित उचलून धरतो, आणि वर कितीही सेटिंग करा, आवाज राहतो. केबलच सोडून गाडी चालवली. फरक शून्य.

एक्झॉस्ट पाइप हेडला बसतो तिथून गळती असेल तर तीही हुबेहूब टॅपेटसारखी वाजते. जोडावर काळी काजळी कुठेच नव्हती. पिस्टनचा खडखडाट थंड इंजिनमध्ये जास्त असतो आणि तापल्यावर कमी होतो. माझं नेमकं उलट होतं. टायमिंगच्या गिअरचा आवाज सलग येतो, सुटा टिक टिक नाही. शिवाय कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे सायलेन्सरच्या एका ठोक्यामागे प्रत्येक व्हॉल्व्ह एकदाच उघडतो. आयडलिंगला कान देऊन ऐकलं : एका ठोक्याला एकच टिक. म्हणजे दोन्ही व्हॉल्व्हचं नाही, एकाच बाजूचं काहीतरी.

लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून टायमिंग कव्हर, टॅपेट कव्हर आणि दोन्ही रॉकर कव्हर ऐकली. एक्झॉस्टच्या रॉकर कव्हरवर आवाज सर्वांत जवळ आला.

कव्हर उघडल्यावर अर्धं उत्तर दिसलं. इनटेकचा रॉकर तेलाने न्हालेला, एक्झॉस्टचा जेमतेम ओला. हेडला तेल नेणाऱ्या बाहेरच्या पाइपचा बँजो बोल्ट (ज्याच्या आतून तेल जातं तो पोकळ बोल्ट) किंचित सैल केला, तर तेल तिथपर्यंत व्यवस्थित येत होतं. म्हणजे अडथळा त्याच्या पुढे. रॉकरचा ब्लॉक (रॉकरचा दांडा ज्यात फिरतो तो ठोकळा) खोलला आणि तेलाच्या भोकात सिलिकॉन गॅस्केटची सुकलेली शेवई सापडली. बाहेर दिसतो तसाच सिलिकॉन आतही दाबला जातो, आणि तो सुटून तेलाच्या वाटेत जाऊ शकतो. या इंजिनच्या रॉकर कव्हरला साधं कागदी गॅस्केट पुरतं, असं माझं ठाम मत आहे.

भोक साफ केलं, हवा मारली, परत बांधलं. आता एक्झॉस्टचा रॉकरही पूर्ण भिजतो. आवाज बराच उतरला, पण गेलेला नाही. कारण कोरडं चालून रॉकरच्या दांड्यावर ओरखडे पडलेत, आणि हाताने हलवल्यावर इनटेकपेक्षा खेळ जास्त जाणवतो. पुशरॉडच्या सेटिंगने हा खेळ भरून निघत नाही.

म्हणून एक्झॉस्टचा रॉकर ब्लॉकसकट बदलतोय. ब्लॉकचे खालचा-वरचा असे दोन भाग जोडीने असतात, एकाची टोपी (वरचा भाग) दुसऱ्यावर लावायची नाही. बसवताना ब्लॉकचं भोक हेडमधल्या भोकावर आलंय ना, हे आधी बघायचं. चारही बोल्ट थोडे थोडे, आलटून पालटून आवळायचे, आणि पुशरॉड लावण्याआधी रॉकर स्वतःच्या वजनाने खाली पडतो का ते पाहायचं. अडकत असेल तर तसाच चालवायचा नाही, खोलून कुठे धरतोय ते शोधायचं. त्यानंतर थंड इंजिनवर दोन्ही टॅपेट नव्याने, आणि हेड गॅस्केट बसल्यावर हेडचे नट तपासून पुन्हा एकदा.