पाण्यातला कार्बन मोजायला जहाज कशाला लागतं?

मागे बडोद्याच्या दांडिया बजारात आपल्या मंडळींच्या एका कार्यक्रमात मी बोलले होते, समुद्रातला कार्बन कसा मोजतात यावर. शेवटी बीएस्सी केमिस्ट्रीच्या एका मुलीने विचारलं, "ताई, आता सॅटेलाइटवरून सगळं दिसतं ना, मग जहाज घेऊन एवढे दिवस समुद्रात कशाला जायचं?" प्रश्न अगदी रास्त आहे. बाहेर चहा आलेला, हॉल रिकामा करायचा होता, त्यामुळे तेव्हा घाईतच उत्तर दिलं, ते इथे नीट लिहितेय.

सॅटेलाइटला समुद्राचा वरचा पापुद्रा दिसतो. तापमान कळतं, पाण्याचा हिरवेपणा कळतो, खारटपणाही बऱ्यापैकी कळतो, पण पाण्यात विरघळलेल्या कार्बनला रंग नाही की रूप नाही, त्यामुळे तो थेट दिसायचा प्रश्नच येत नाही, आणि हजार मीटर खाली काय चाललंय ते तर अजिबातच नाही. त्यात कार्बन डायऑक्साइड पाण्यात शिरला की तसाच राहत नाही, पाण्याशी मिळून त्याचं बरंचसं बायकार्बोनेट होतं. समुद्रातल्या विरघळलेल्या अकार्बनी कार्बनपैकी ९० टक्क्यांच्या आसपास बायकार्बोनेट असतं, उरलेलं बहुतेक कार्बोनेट, आणि निव्वळ कार्बन डायऑक्साइड एक टक्कासुद्धा नसतो. या तिन्हींची बेरीज म्हणजे डीआयसी. त्याच्या जोडीला टोटल अल्कॅलिनिटी, म्हणजे पाणी किती ॲसिड पचवू शकतं त्याचं माप, पीएच आणि पाण्यातला कार्बन डायऑक्साइडचा दाब. या चार गोष्टी मोजता येतात, आणि यातल्या कुठल्याही दोन नीट मोजल्या, शिवाय तापमान, खारटपणा, खोली माहीत असेल तर बाकीच्या गणिताने निघतात. आम्ही शक्यतो तीन मोजतो, म्हणजे एकमेकींशी ताडून बघता येतात.

आता खरी अडचण सांगते. पृष्ठभागाच्या पाण्यात डीआयसी साधारण २००० मायक्रोमोल प्रति किलो असतो आणि माणसाने हवेत सोडलेल्या कार्बनमुळे तो वर्षाला जेमतेम एकने वाढतो. म्हणजे खात्यात दोन हजार रुपये आहेत आणि वर्षाला एक रुपया जमा होतोय, तो रुपया आपल्याला पकडायचाय, आणि ऋतूप्रमाणे त्याच खात्यात कितीतरी रुपयांची ये-जा चालू असते. म्हणून मोजणी हजारात एक इतकी अचूक लागते, प्लस मायनस दोनच्या आत. त्याहून ढिली मोजणी दहा वर्षं केली तरी बदल दिसणार नाही, चुकांच्या गर्दीत हरवून जाईल. आणि हा बदल क्षुल्लक नाहीये हो! आपण दरवर्षी हवेत सोडतो त्या कार्बन डायऑक्साइडचा जवळजवळ चौथा भाग समुद्र पोटात घेतो, त्यामुळे औद्योगिक काळाच्या आधी पृष्ठभागाचा पीएच ८.२ च्या आसपास होता तो ८.१ वर आलाय. ०.१ ऐकायला काहीच वाटत नाही, पण पीएच लॉग स्केलवर असतो, म्हणजे हायड्रोजन आयन २५ टक्क्यांहून जास्त वाढलेत.

तर हे मोजायला पाणी हातात यावं लागतं.

जहाज एका जागी थांबतं, त्याला स्टेशन म्हणतात. मग विंचवरून, म्हणजे तार गुंडाळायच्या यंत्रावरून, रोझेट खाली सोडतात. रोझेट म्हणजे एका गोल फ्रेमवर साधारण २४ निस्किन बाटल्या, म्हणजे पाणी पकडायच्या नळकांड्यासारख्या बाटल्या, दहा दहा लिटरच्या, आणि मध्ये सीटीडी नावाचं यंत्र, जे जाताना तापमान, खारटपणा आणि दाब मोजत जातं. बाटल्या दोन्ही टोकांना उघड्या असतात. मिनिटाला साधारण ६० मीटर वेगाने ते खाली जातं, अरबी समुद्रात चार हजार मीटर जायचं म्हटलं तर वर येईपर्यंत तीन-चार तास सहज जातात, आणि वर येताना ठरलेल्या खोलीला थांबून लॅबमधून बटण दाबलं की एकेक बाटली बंद होते. डेकवर ३० डिग्री, घामाने कपडे चिकटलेले आणि तळाच्या बाटलीतलं पाणी दोन डिग्रीचं, तिचा नळ उघडला की हातातल्या काचेच्या बाटलीवर लगेच बाहेरून दव धरतं आणि बोटं बधिर होतात. रात्री दोनला हे करताना कंटाळा येत असेल ना, असं मावशी दर वेळी विचारते. झोप येते, ते खरं, पण चार किलोमीटर खालचं, कित्येक शतकं हवेला न भेटलेलं पाणी आपल्या हातात आहे याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

पाणी घ्यायचा क्रम ठरलेला असतो. ज्यातला वायू पटकन उडतो किंवा हवेमुळे बिघडतो ते आधी, म्हणजे सीएफसी (फ्रिजमध्ये वापरत ते वायू) मोजत असतील तर ते पहिले, मग ऑक्सिजन, मग आमचा कार्बन आणि पीएच, मग अल्कॅलिनिटी, पोषकद्रव्यं, सगळ्यात शेवटी खारटपणा. एक जण कागद घेऊन उभा असतो, कोणी कुठल्या बाटलीतून काय घेतलं ते लिहायला, आणि त्याने नाव पुकारल्याशिवाय नळाला हात लावायचा नाही. सिलिकॉनची नळी काचेच्या बाटलीच्या तळापर्यंत घालायची, पाणी हळू सोडायचं, नळीला बोटाने टिचक्या मारून बुडबुडे काढायचे, बाटली भरली तरी थांबायचं नाही, आणखी निदान एक बाटलीभर पाणी वरून वाहून जाऊ द्यायचं. एक बुडबुडा अडकला तरी सॅम्पल गेलं. मग वरून थोडं पाणी काढून छोटी जागा ठेवायची, कारण थंड पाणी नंतर गरम होऊन फुगतं, आणि २५० मिलीच्या बाटलीत साधारण ५० मायक्रोलिटर मर्क्युरिक क्लोराइडचं संपृक्त द्रावण घालायचं, ग्रीस लावलेलं काचेचं बूच फिरवून बसवायचं, वरून क्लिप. मर्क्युरिक क्लोराइड जहाल विष आहे, म्हणून ग्लोव्ह्ज, वेगळी ट्रे, आणि मोजून झालेलं पाणीसुद्धा समुद्रात फेकायचं नाही, कॅनमध्ये साठवून किनाऱ्यावर परत आणायचं. ते घालायचं कारण असं की पाण्यात जिवाणू असतात, ते श्वसन करत राहिले तर बाटलीतल्या बाटलीतच कार्बन वाढत जाईल आणि आपण समुद्राऐवजी बाटलीचा हिशेब मांडत बसू.

लॅबमधलं माझं सगळ्यात आवडतं यंत्र कूलोमीटर. सॅम्पलमध्ये फॉस्फोरिक ॲसिड घातलं की सगळं बायकार्बोनेट-कार्बोनेट कार्बन डायऑक्साइड बनून बाहेर पडतं, नायट्रोजन ते ढकलत एका काचेच्या सेलमध्ये नेतो, तिथे इथेनॉलअमाइनचं निळं द्रावण असतं, थायमॉल्फ्थॅलीन हा रंग बदलणारा दर्शक घातलेलं. वायू आला की निळा रंग फिका पडायला लागतो, यंत्र लगेच वीज सोडतं, विजेमुळे हायड्रॉक्साइड तयार होतं आणि निळा पुन्हा गडद होतो. रंग जागेवर यायला किती वीज लागली ते मोजायचं, त्यावरून किती कार्बन आला ते निघतं, थेट इलेक्ट्रॉन मोजल्यासारखं. एका सॅम्पलला साधारण पाव तास. स्क्रीनवरचा आकडा वर चढतो, हळू होतो, थबकतो, आणि खोल पाण्याचं सॅम्पल असेल तर २३०० च्या आसपास जाऊन थांबतो, कारण वरून पडणारा मेलेल्या जीवांचा कचरा खाली कुजून सगळा कार्बन तिथे साठलेला असतो.

पण माझं यंत्र बरोबर सांगतंय हे कशावरून? त्यासाठी आधीच मोजलेलं समुद्राचं पाणी लागतं. कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेत अँड्र्यू डिक्सन यांच्या लॅबने १९९० च्या सुमारापासून अशा बाटल्या तयार केल्या, निर्जंतुक केलेलं, विष घातलेलं समुद्राचं पाणी, प्रत्येक बॅचला नंबर आणि तिचा नेमका आकडा. गोव्याचं जहाज असो की जपानचं, तीच बाटली रोज लावायची आणि आपला आकडा तिच्याशी जुळतोय का बघायचं, बॅच नंबर डेटाबरोबर लिहून ठेवायचा. १९९५ चा अरबी समुद्र आणि आजचा अरबी समुद्र शेजारी ठेवून बघता येतो तो यामुळेच. कोविडच्या काळात या बाटल्यांचा तुटवडा पडला तेव्हा जगभरच्या लॅब अडकल्या होत्या. सगळं जग एका लॅबवर विसंबून होतं, आणि मला वाटतं आपल्या देशानेही असं पाणी स्वतः तयार करायला हवं, किनारा एवढा मोठा आणि केमिस्ट एवढे चांगले असताना.

तरंगणारे रोबोट फ्लोट आहेत हल्ली, पीएच सेन्सर लावलेले, दोन हजार मीटर खाली जाऊन वर येतात आणि डेटा पाठवतात. फारच उपयोगी आहेत ते. पण त्यांच्या सेन्सरचे आकडे हळूहळू सरकतात, मग ते दुरुस्त करायला पुन्हा जहाजावर मोजलेलाच डेटा लागतो.

अरबी समुद्राचं तर आणखीच. बाकी समुद्र मिळून कार्बन शोषतात पण आपला अरबी समुद्र उलट हवेत सोडतो, आणि सगळ्यात जास्त पावसाळ्यात, कारण नैऋत्येच्या वाऱ्याने सोमालिया-ओमानच्या किनाऱ्यालगत खालचं थंड, कार्बनने भरलेलं पाणी वर येतं आणि तिथे पाण्यातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब ५०० मायक्रोअ‍ॅटमॉस्फिअरच्या पुढे जातो. १९९५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये आपलं 'सागर कन्या' जहाज अशा खवळलेल्या समुद्रात जाऊन मोजून आलंय, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या लोकांनी केलेलं ते काम आजही आम्ही उघडून बसतो. पावसाळ्यातली मोजणी बाकी ऋतूंच्या मानाने फार थोडी आहे. लाटा उंच, रोझेट सोडणं धोक्याचं, त्यामुळे ज्या महिन्यांत समुद्र सगळ्यात जास्त बोलतो त्याच महिन्यांत ऐकायला कोणी नसतं, आणि याची मला खरंच खंत आहे.

त्या मुलीला आणखी एक सांगायचं राहिलं. बडोद्यापासून समुद्र वाटतो तितका लांब नाहीये. विश्वामित्री पावागडावर उगम पावते, पावागड ज्वालामुखीचा खडक. पावसाच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड असा खडक हळूहळू झिजवतो आणि त्यातून बायकार्बोनेट बनून पाण्याबरोबर वाहतं, शहरातून, पुढे ढाढर नदीमधून खंभातच्या आखातात. महीचंही तसंच, ती माळव्याच्या बेसॉल्टवरून येते. म्हणजे समुद्राच्या अल्कॅलिनिटीत आपल्या नदीचाही वाटा आहे, आणि तो मोजायला जहाज लागत नाही, ब्यूरेट (थेंब थेंब ॲसिड सोडायची मोजनळी) आणि पीएच मीटर पुरतात. आम्ही ठरवलंय की पाऊस ओसरला की पावागडाच्या पायथ्याशी, शहराच्या आधी, शहराच्या नंतर आणि ढाढर मिळते त्याच्या पुढे, अशी सॅम्पल घ्यायची. सांडपाण्यामुळे शहराच्या खालचा आकडा वेगळा येणार हे धरूनच चालायचं, म्हणून तिथे ऑक्सिजन आणि अमोनियाही मोजायचा. आणि आखाताजवळचं पाणी गाळाने भरलेलं असतं, ते आधी फिल्टर करून घ्यायचं, नाहीतर गाळातलं कॅल्शियम कार्बोनेट टायट्रेशनच्या ॲसिडमध्ये विरघळून अल्कॅलिनिटी उगाच जास्त दिसेल.