तळघरातल्या बरण्यांची वही

विस्कॉन्सिनमध्ये बाग करायची तर हातात जेमतेम पाच महिने असतात. मेच्या मध्यात रोपं बाहेर लावायची. ऑक्टोबर उजाडला की एखाद्या रात्री पारा शून्याखाली उतरतो आणि सकाळी टोमॅटोची झाडं काळी पडलेली दिसतात. त्यामुळे कोकणात पावसाआधी आगोट भरतात, तशी इथे बर्फाआधी बेगमी चालते. ऑगस्टपासून स्वयंपाकघरात मोठं पातेलं खळखळत असतं आणि बागेतल्या भाज्या काचेच्या बरण्यांत भरून, झाकणं लावून, टिकाव्यात म्हणून त्यात उकळल्या जातात.

ही विद्या मला शेजारच्या आजींनी शिकवली आणि पहिल्याच दिवशी हातात एक वही दिली. डावं पान भरण्याचं, उजवं पान वापरण्याचं. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे:

‘२४ ऑगस्ट. रोमा टोमॅटो, कुंपणाकडचा वाफा. १० किलो, क्वार्टच्या ७ बरण्या. उकळत्या पाण्यात ४५ मिनिटं. सगळी झाकणं बसली.’

समोरच्या पानावर: ‘डिसेंबर. सार. रस पातळ, आटवावा लागला. जानेवारी. राजमा. अर्धी बरणी उरली, पुढे पिंट भरावी.’

डाव्या पानावरची मिनिटं तिथे उगाच नसतात. टोमॅटोची आंबटता काठावरची असते, म्हणून क्वार्टच्या, म्हणजे साधारण ९५० मिलीच्या बरणीत (पिंट म्हणजे तिची निम्मी) बाटलीतला लिंबूरस ३० मिली घालायचाच. ताज्या लिंबाची आंबटता फळागणिक बदलते, म्हणून बाटलीतला. फरसबीसारख्या आंबट नसलेल्या भाज्यांना तर नुसतं उकळणं पुरतच नाही. बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जंतूंचे बीजाणू उकळत्या पाण्यात जिवंत राहतात. त्यांना ११६ अंश सेल्सिअस लागतं आणि ते प्रेशर कॅनरमध्ये, म्हणजे बरण्या मावतील अशा मोठ्या कुकरमध्येच मिळतं. गावाची उंचीही बघावी लागते. आमचं मॅडिसन १,००० फुटांच्या आत आहे, म्हणून माझी ४५ मिनिटं. हेच टोमॅटो पुण्यात भरले तर ५० मिनिटं आणि महाबळेश्वरला ५५. अमेरिकेच्या कृषी खात्याने हे तक्ते तपासून छापलेले आहेत. इथे अंदाजपंचे काही करू नये. कुठल्या तक्त्याने बरणी भरली हे मी आवर्जून लिहिते, कारण फेब्रुवारीत ती उघडताना स्मरणशक्तीवर विसंबून पोरांच्या ताटात वाढायचं नसतं.

पण मला खरी किंमत वाटते ती उजव्या पानाची. भरताना उत्साह असतो, लिहिणं आपसूक होतं. बरणी उघडताना मात्र आपण घाईत असतो, कुकरची शिट्टी होत असते, आणि तेव्हाच दोन शब्द खरडायचे असतात: कशात घातलं, कसं लागलं, किती उरलं. मी पेन फळीलाच दोरीने बांधून ठेवलं आहे. उजवी पानं एप्रिलमध्ये सलग वाचली की घराची चव कागदावर दिसते. शेपू घातलेली इथली आंबट काकडी आमच्याकडे कुणी हौसेने खात नाही, बरण्या तशाच राहतात. हिरव्या टोमॅटोची चटणी (गूळ, मोहरी, व्हिनेगर) नाताळाआधीच संपते. बीटची कोशिंबीर मुलांना आवडते, पण बीट बरणीतला नको, ताजाच हवा.

ही पानं नसती तर दर वर्षी तीच बियाणी आली असती आणि तोच पसारा झाला असता. तळघरात वर्षापेक्षा जुनी बरणी ठेवायची नाही हा नियमही वहीमुळेच पाळला जातो. नव्या बरण्या मागे, जुन्या पुढे, प्रत्येकीच्या झाकणावर तारीख. झाकणं आवळणाऱ्या कड्या काढून ठेवायच्या, म्हणजे झाकण सुटलं असेल तर लगेच कळतं.

बियाण्यांची मागणी जानेवारीतच नोंदवावी लागते. यंदा काकडीचा एकच वेल लावणार आहे, तोही ताजी खायला. रिकाम्या झालेल्या जागेत रोमाची आणखी रोपं, आणि त्यांच्यासाठी पिंटच्या बरण्या.