दुबईला जाऊन आलो, व्हॅट रिफंडचं जे कळलं ते सांगायलोय

मागच्या महिन्यात आई, मी, बायको, भाऊ आणि वहिनी असे पाच जण दुबईला जाऊन आलो, लातूरहून रात्रीच्या गाडीनं मुंबई आणि तिथून विमान. फिरण्याचं सगळेच सांगतेत, मी फक्त रिफंडचं सांगायलोय, कारण जायच्या आधी मला हे नीट कुणीच सांगितलं नाही अन् आता आमच्या गल्लीतली दोन-तीन घरं दिवाळीला निघालीत.

तिथं २०१८ पासून ५ टक्के व्हॅट, म्हणजे वस्तूच्या किमतीतच धरलेला कर आहे. पर्यटकाला तो परत मिळतो पण सगळा नाही, व्हॅटचे ८५ टक्के मिळतेत आणि त्यातूनही दर बिलामागं ४ दिरहम ८० फिल्स कापतेत. बिल कमीत कमी २५० दिरहमचं लागतं. आम्हाला वाटलं २५० झाले की काम झालं, पण हिशोब केला तर २५० च्या बिलावर हातात येतेत जेमतेम पाच दिरहम. तेच व्हॅट धरून १०५० चं एक बिल असलं तर ३७.७० येतेत, आणि तेवढ्याच खरेदीची सारखी चार बिलं केली तर २३ च्या आसपास. म्हणून लई दुकानं फिरू नका, ब्लँकेट, ड्रायफ्रूट, अत्तर जे काय घ्यायचं ते शक्यतो एका जागी घ्या अन् एकच बिल करा.

पैसे द्यायच्या आधीच टॅक्स फ्री पाहिजे म्हणून सांगायचं आणि पासपोर्ट द्यायचा. दुबईच्या देरा भागातल्या एका लहान दुकानात आम्ही सगळं पॅक केल्यावर विचारलं तर ते या योजनेतच नव्हतं, मग काय करणार. पासपोर्ट १८ वर्षांच्या वरच्याचाच चालतो, लेकरांच्या नावावर बिल करू नका, आणि ज्याच्या पासपोर्टवर बिल त्यानंच एअरपोर्टवर उभं राहायचं. अबुधाबीचं बिलही चालतं. हॉटेल, बुर्ज खलिफाचं तिकीट, जेवण यावर काही मिळत नाही, आणि वस्तू तिथंच वापरायला काढली तर तीही गेली. वहिनीनं अत्तराची बाटली हॉटेलवरच उघडली होती, ती आम्ही धरलीच नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. परतताना दुबईच्या एअरपोर्टवर गेलं की आधी प्लॅनेटचं, म्हणजे रिफंड देणाऱ्या कंपनीचं काउंटर गाठायचं, बॅगा चेक-इनला टाकायच्या नंतर. भाऊ घाईत आधी लाईनीत लागला, बॅग पट्ट्यावर गेली, आणि मग काउंटरवर म्हणले सामान दाखवा. ६३० दिरहमची ब्लँकेटं त्या बॅगेत, त्याचे वीस दिरहम बुडाले. रक्कम मोठी नाही पण हक्काचं होतं म्हणून त्याला फार लागलं, विमानात बसेपर्यंत बोलला नाही. म्हणून हॉटेलवरून सांगितल्या वेळेपेक्षा तासभर आधीच निघा. खरेदीपासून ९० दिवसांत माल देशाबाहेर गेला पाहिजे, आपल्या आठवड्याच्या ट्रीपला त्याची अडचण नाही. पैसे रोख घ्या नाहीतर कार्डवर, आम्ही रोख घेतले.

सोन्याचं वेगळं सांगतो कारण सगळे तेच विचारायलेत. आईनं गोल्ड सूकमधून, म्हणजे तिथल्या सोन्याच्या बाजारातून बांगड्या घेतल्या, व्हॅट धरून ४२०० दिरहम, रिफंड आला १६५.२०. भावात कमी करत नाहीत पण मजुरीत करतेत, तिथं घासाघीस करा, आमचं रिफंडपेक्षा जास्त तिथंच वाचलं. फक्त भारतात परत येताना दागिन्यांवर कस्टम ड्युटीत जी खास सूट म्हणतेत ती वर्षभरापेक्षा जास्त परदेशात राहून आलेल्याला आहे, फिरायला गेलेल्याला नाही. मुंबईला उतरल्यावर आम्ही रेड चॅनेलला, म्हणजे ड्युटी लागणारं सामान दाखवायच्या लाईनीत, बांगड्या अन् बिल दोन्ही दाखवलं आणि ड्युटी भरली, ती त्या १६५ दिरहमपेक्षा कितीतरी जास्त होती. तेव्हा सोनं घ्यायचं असलं तर ड्युटीचा हिशोब लातूरमध्ये बसूनच करून जा, आणि बिल शेवटपर्यंत हातातल्या पिशवीत ठेवा.