डावीकडचा झोळ

दिवाळीचा ब्लाऊज घालून बघितला तर डावीकडं झोळ. टेलरबाई म्हणाल्या, "वैनी, सरळ हुबा ऱ्हावा की." सरळच उभी होते मी! डाव्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि त्यानंतरचे पंधरा शेक, म्हणजे रेडिएशन, ह्याला चार वर्षं होऊन गेली, तेव्हा कातडी काळवंडली, काखेत सोलपटली, महिन्याभरात भरून आली आणि मी विषय संपला असं धरून चालले होते.

घरी येऊन आरशासमोर नीट बघितलं. लाल जेलपेननं झाडाच्या मुळ्या काढाव्यात तशा बारीक रेघा, बोटानं दाबलं की पुसट, सोडलं की परत हजर. खालची कातडी नव्या कोल्हापुरी चपलेच्या पट्ट्यासारखी कडक, आणि चप्पल निदान तेल लावून मऊ करता येते. त्या रात्री झोप कसली लागतीय, पुन्हा आलं म्हणूनच पडून राहिले, ह्यांना उठवलंसुद्धा नाही.

डॉक्टरांनी तपासलं, मॅमोग्राफी केली, म्हणाले कॅन्सर नाही, हे शेकाचंच आहे, काहीजणींना काही महिन्यांनी, काहीजणींना काही वर्षांनी दिसतं. शेकानं बारीक रक्तवाहिन्या खराब होतात आणि उरलेल्या फुगून कातडीवर दिसायला लागतात, तेलँजिएक्टेशिया म्हणे (माझी जीभ अजून वळत नाही). कडकपणा म्हणजे फायब्रोसिस, आत जखम भरायचं काम थांबतच नाही, कोलॅजन, म्हणजे कातडीतले चिवट धागे, साठत जातं आणि ती बाजू आक्रसते. रेघांनी धोका नाही, नकोच असतील तर लेसर करता येतं. मी म्हटलं राहू देत, कुणाला दाखवायच्यात.

राग एवढाच आला की शेक संपल्यावर हातात दिलेल्या कागदावर फक्त पहिल्या काही आठवड्यांचं होतं, चार वर्षांनंतरचं एक अक्षर नाही.

पण बायांनो, मार न लागता काळानिळा किंवा जांभळा डाग उठला, गाठ आली, कातडी चिघळली तर मुकामार असेल म्हणून हळद लावून बसू नका. फार क्वचित, पण शेकाच्या जागी वर्षांनंतर अँजिओसार्कोमा नावाचा वेगळाच कॅन्सर होतो, तो सुरुवातीला असाच दिसतो. लगेच दाखवा.

परवा टेलरबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी वहीत डावं-उजवं माप वेगवेगळं लिहून घेतलं. शेकापासून डाव्या काखेला घामच येत नाही हेही सांगून टाकलं, तर पेन्सिल कानावर ठेवत म्हणाल्या, "मग पॅड एकाच बाजूला लावतो, वीस रुपये वाचले की तुमचं."