कुत्री झोपल्यात

परवा पार्किंगमधून पोराची सायकल ढकलत आणत होतो, तर मागच्या चाकातून तो ओळखीचा टिकटिकटिक आवाज यायला लागला आणि मी उगाच जिन्यापर्यंत जायच्या ऐवजी पार्किंगला अजून एक चक्कर मारली. वॉचमनला वाटलं असेल यांना पार्किंगमध्ये जागा सापडत नाहीये.

हा आवाज कशाचा असतो हे मला नववीत कळलं, तेसुद्धा सायकल बंद पडली म्हणून. साताऱ्यात समर्थ मंदिराकडून बोगद्याकडे चढ आहे, तिथे मी उभं राहून पायडल मारत होतो आणि एकदम पायाखालचं सगळं रिकामं झालं. चेन जागेवर, पायडल मस्त पुढे फिरतंय, चाक मात्र ढिम्म. मला वाटलं आतलं काहीतरी तुटलं आणि आता घरी बोलणी खायची. ढकलत ढकलत खाली दुकानात आणली, तिथल्या मामांनी पायडल हाताने दोनदा गरकन फिरवलं आणि मान न उचलताच म्हणाले, "कुत्री झोपल्यात बघ."

मला काही झेपलं नाही. मग त्यांनी चाक काढलं, फ्रीव्हीलच्या (मागच्या चाकाला चेन बसते ते दातेरी चक्र) झाकणाला दोन बारीक भोकं असतात त्यात पंच टेकवून हातोडीने टकटक केलं, आणि मी बघतोय की हे तर घट्ट करायच्या दिशेनेच मारतायत! आटे उलटे असतात म्हणे. झाकण निघालं तसे ताटलीत छर्रे सांडले, आणि आत दिसली ती दोन कुत्री. नखापेक्षा लहान, लोखंडाची, एका बाजूला धार असलेली, खाली केसासारखी बारीक स्प्रिंग. बाहेरच्या चक्राला आतून तिरके दाते. पायडल मारलं की दाते कुत्र्याच्या तोंडावर येऊन अडतात आणि चाक ओढलं जातं, पायडल थांबवलं की चाक पुढे पळत राहतं आणि कुत्री दात्यांवरून घसरत टिकटिक करत जातात. एवढंच. माझ्या सायकलीत कोणीतरी (म्हणजे मीच) आवाज बंद व्हावा म्हणून घट्ट ग्रीस कोंबलं होतं, त्यात ती चिकटून बसली होती, उठतच नव्हती. मामांनी रॉकेलमध्ये धुतली, पातळ तेल सोडलं, बोटाने एकेक दाबून बघितलं, दाबलं की परत टुणकन वर. "आता जागी झाली."

नंतर इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं की या सगळ्या प्रकरणाला रॅचेट म्हणतात. एकाच बाजूला फिरणारं दातेरी चाक आणि त्याला उलटं फिरू न देणारी खिटी, म्हणजे आपला कुत्रा. शब्द फ्रेंच 'रोशे'वरून आलाय, आणि त्याचं नातं सूत गुंडाळायच्या चातीशी लागतं. शुद्ध मराठीत एकदिशा दंतचक्र वगैरे म्हणता येईल पण कोण म्हणणार. आणि खरं सांगू का, मला यातल्या चाकाचं कौतुक नाहीच. दातेरी चाकं पैशाला पासरी आहेत, सगळी करामत त्या बारक्या कुत्र्याची. आणि हे नाव काही फक्त आपल्या सायकलवाल्यांचं नाही बरं का. पंजाबात विहिरीवरच्या रहाटाला अशीच खिटी असायची, बैल थांबले तर भरलेल्या गाडग्यांच्या वजनाने माळ उलटी फिरू नये म्हणून, आणि तिलाही कुत्ताच म्हणायचे. तिकडे एक गोष्ट सांगतात, एकाची घोडी त्या टकटक आवाजाला बुजून पाणी पिईना, तो म्हणाला जरा आवाज बंद करा, शेतकऱ्याने रहाट थांबवला तर आवाज गेला आणि पाणीही गेलं. मग शेतकरी म्हणाला, बाबा रे, पाजायचं तर या टकटकीतच पाज. ग्रीस कोंबायच्या आधी ही गोष्ट मला कोणी सांगितली असती तर एक संध्याकाळ वाचली असती.

एकदा कुत्रा दिसला की मग सगळीकडे दिसायला लागतो. गाडीचा हँडब्रेक ओढताना कर्रर्र होतं तो तोच, भिंतीवरच्या घड्याळाला चावी देताना बोटांना जाणवतो तो तोच. फाइनमन नावाच्या शास्त्रज्ञाने तर १९६०च्या दशकात विद्यार्थ्यांना शिकवताना असं चक्र रेणूंएवढं बारीक केलं तर काय होईल ते सांगितलं होतं. हवेचे रेणू येऊन धडकतील, चाक एकाच बाजूला सरकत राहील, म्हणजे फुकटात काम! तर नाही, कारण एवढा बारका कुत्रा स्वतःच उष्णतेने थडथडत असणार, मधेच उचलला जाणार आणि चाक मागे सटकणार. म्हणजे फुकट राखण तिथेही नाही.

अर्थशास्त्रवाले पण 'रॅचेट इफेक्ट' म्हणतात, ड्यूझेनबेरी यांनी १९४९ साली मांडलं की माणसाचं उत्पन्न वाढलं की खर्च वाढतो पण उत्पन्न घटलं की खर्च तेवढा खाली येत नाही. आमच्याकडे एसी आला त्या उन्हाळ्यानंतर पंख्यावर कोणाला झोप लागत नाही, याला अजून काय पुरावा पाहिजे. कटिंग चहाचं तसंच, दूध महागलं म्हणून दर वाढतो, दूध उतरलं तर टपरीवाला आणि आपण दोघंही गप्प. पण माझी तक्रार अशी आहे की हे लोक चाकाबद्दलच बोलतात, चाक वर गेलं, खाली येत नाही. कुत्रा कुठे बसलाय ते सांगा ना! हँडब्रेकला निदान बटण असतं, दाबलं की कुत्रा उचलला जातो आणि दांडी खाली. एसीच्या बाबतीत ते बटण कुठेय हे मी वीजबिल आलं की शोधतो.

त्या दिवशी सायकल वर आणली कारण पोराच्या सायकलला पुढची बास्केट लावायची होती, झिप टायने. हा पट्टापण रॅचेटच आहे, १९५८ साली अमेरिकेत विमानातल्या वायरींचे जुडगे बांधायला निघाला. ओढला की करकर आत जातो, मागे येत नाही. मी घाईत बास्केट उलटी बांधली. पोरगा कात्री आणायला धावला, मी म्हटलं थांब, आईकडून सेफ्टी पिन आण. डोक्याच्या त्या चौकोनात बारकी जीभ दिसते, तिच्याखाली पिन घालून हळूच उचलायची आणि पट्टा मागे ओढायचा. चष्मा कपाळावर, जिन्यात उकिडवा बसून दोन रुपयांच्या पट्ट्यासाठी वीस मिनिटं. तीन सुटले. चौथ्याची जीभ मोडली, तो कापला.